तारखेच्या दिवसाची गोळी

३ फेब्रुवारी

कंपाउंडरसाहेब,

नमस्कार-चमत्काराची उठाठेव करत नाही. फोन तुम्ही उचलत नाही. दारात आले तर तुमच्या आईसमोर तमाशा होईल. तुरुंगाच्या पत्त्यावर लिहिलं तर तुमच्याआधी दुसराच कुणीतरी फोडून वाचेल. म्हणून घरच्या पत्त्यावर लिहितेय. यात तुमची इभ्रत सांभाळायचा विचार नाही, माझ्या भावाची सांभाळायची आहे.

काल बारक्याला भेटून आले. जाळीपलीकडे बसला होता. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाला आणून बसवलंय. गालफडं बसलीत, ओठांच्या कडा फाटल्यात, तोंडात फोड आलेत म्हणून बोलताना जीभ जपून हलवतो. रोज संध्याकाळी अंगात कणकण असते म्हणाला. मोठ्या इस्पितळात त्याचं रक्त तपासायला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, विषाणू इतके वाढलेत, गोळ्या चुकवतोस का रे? हा मान खाली घालून म्हणाला, रोज मिळत नाहीत.

रोज मिळत नाहीत. आणि तिथे गोळ्या वाटतं कोण? तुम्ही.

त्याला एचआयव्ही आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि तुमच्या बहिणीला तो त्याच्यामुळे झाला हे तुम्ही मला सांगायला नको. ते तुम्ही आमच्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवून झालंय. त्या दिवशी मी एक शब्द उलटा बोलले नाही, कारण तुमचं खरं होतं. तिला तुम्ही घरी घेऊन गेलात, तेही बरोबर केलंत. पण म्हणून नवऱ्याच्या तोंडची गोळी काढून बहिणीचा सूड उगवायचा? गॅरेजात गिऱ्हाइकाच्या डोक्यात पान्हा घातला म्हणून तो आत आहे. त्याची काय शिक्षा व्हायची ती कोर्ट ठरवेल, औषधाची खिडकी नाही ठरवणार.

आठवडाभर वाट बघेन. मग अधीक्षकांकडे अर्ज देईन. माझ्या लाँड्रीत सरकारी चादरी धुवायला येतात, कोणत्या टेबलावर कोण बसतं ते मला माहीत आहे.

तुमच्या बहिणीची (अजून तरी) नणंद


११ फेब्रुवारी

ताईसाहेब,

पत्र पोचलं. आईने उघडायच्या आत माझ्या हाती लागलं, हे तुमचं नशीब.

तुमचा भाऊ माझ्या तुरुंगात यावा म्हणून मी नवस बोललो नव्हतो. तो आत आला त्याच दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन नातं सांगितलं आणि माझं काम बदलून मागितलं. दुसरा कंपाउंडर नाही, तेव्हा नाती घरी ठेवून या, असं उत्तर मिळालं. ठेवून येतो. रोज.

आता माझं काम कसं चालतं ते ऐका, म्हणजे पुन्हा आरोप करायचा झाला तर निदान नीट करता येईल. साडेआठला डॉक्टर कपाटाची किल्ली देतात. नऊला खिडकी उघडते. टीबीवाले, साखरवाले, रक्तदाबवाले, एचआयव्हीवाले, सगळे एकाच रांगेत उभे राहतात. कोण कशाची गोळी घेतो ते मागच्याला कळू नये म्हणून सगळ्यांच्या गोळ्या मी एकसारख्या कागदी पुड्यांत घालतो. पुडी माझ्यासमोर फोडायची, माझ्यासमोर पाणी प्यायचं, मग मी नावापुढे खूण करतो. तुमच्या भावाच्या नावापुढची एकही खूण खोटी नाही.

मी सूड उगवतोय म्हणता? तो मरावा असं मला वाटत असतं, तर गोष्ट सोपी होती. ताईसाहेब, तो मरून सुटावा असं मला अजिबात वाटत नाही. त्याने जगावं, म्हातारं व्हावं, आणि माझ्या बहिणीचं काय केलं ते रोज सकाळी उठून आठवावं. त्यासाठी मी त्याला गोळी देतो, आणि अगदी मनापासून देतो.

माझी धाकटी बहीण घरी नऊच्याच ठोक्याला तीच गोळी घेते. तेच औषध, तोच डबा. तिच्या तपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही. म्हणजे औषध चोख आहे. मग तुमच्या भावाचं रक्त का बिघडलं? एकच कारण उरतं. तो गोळी गालात धरतो आणि मागे जाऊन थुंकतो. असली सोंगं मी पुष्कळ पाहिलीत. उद्यापासून त्याला खिडकीसमोरच्या बाकावर बसवणार, तोंड उघडायला लावणार, जीभ वर करून बघणार आणि पाव तास तिथून हलू देणार नाही. बघू कसा थुंकतो.

अर्ज खुशाल द्या.

कंपाउंडर


२५ फेब्रुवारी

कंपाउंडरसाहेब,

शाबास. जिंकलात.

आजवर त्याच्या बराकीत कुणाला काही माहीत नव्हतं. तुमच्या त्या एकसारख्या पुड्यांमुळेच माहीत नव्हतं, हे मी कबूल करते. आणि तुम्हीच काय केलंत? साऱ्या रांगेतून त्याला एकट्याला बाहेर काढून बाकावर बसवलंत आणि डॉक्टरने घोड्याचे दात बघावेत तसं सगळ्यांदेखत त्याचं तोंड बघितलंत. दुसऱ्या दिवसापासून बराकीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं टीबी, कुणी म्हणालं महारोग, शेवटी एक शहाणा निघालाच. आता त्याची थाळी दारापाशी ठेवतात. पाण्याच्या पिंपातून दुसऱ्याने ओतून द्यायचं, याने मगाला हात लावायचा नाही. त्याने एकदा लावला, तर तोच मग त्याच्या कपाळावर हाणला. भुवईवर टाके आहेत. ते टाके कुणी घातले, तुमच्याच डॉक्टरांनी ना? तेव्हा तुम्ही कापूस हातात घेऊन शेजारी उभे असाल.

मी त्याला माझ्या गळ्याची शपथ घालून विचारलं, थुंकतोस का? म्हणाला, ताई, मिळते ती गिळतो. जो मुलगा लहानपणी चोरून साखर खाल्ली तरी तोंड पुसायला विसरायचा, त्याला खोटं बोलता येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या बहिणीशीही तो खोटं बोलला नव्हता. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, दोघांना एकाच दिवशी कळलं. पण हे तुम्हाला कितीदा सांगितलं तरी भिंतीशीच बोलल्यासारखं.

अर्ज दिला आहे. शिक्का मारून घेतला आहे. औषध देणारा माणूस नात्यातला आहे आणि वैरातला आहे, असं स्पष्ट लिहिलंय.

जाता जाता एक. त्याने तुमच्या बहिणीची खुशाली विचारली. मी म्हटलं, तुझ्या खिडकीवाल्याला विचार की. तर हसला. टाक्यांमुळे एकाच बाजूने हसला. माझ्याच्याने बघवलं नाही.

बारक्याची बहीण


७ मार्च

ताईसाहेब,

तुमचा अर्ज खाली आला. अधीक्षकांनी मला उभं करून वाचून दाखवला. लेखी खुलासा मागितला आहे. एवढी वर्षं नोकरी केली, माझ्या नावावर कागदाचा एक तुकडा नव्हता. तुमच्या कृपेने तोही झाला. आईला सांगितलं नाही. बहिणीला सांगावं लागलं, कारण तिने चेहरा वाचला.

बाकाबद्दल म्हणाल, तर त्याने काय होईल ते मला आधी कळायला हवं होतं. मी रागाच्या भरात केलं. त्याला आता दवाखान्याच्या खोलीत हलवलं आहे, तिथे थाळी-मगाचा प्रश्न नाही. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय. यापुढे या विषयावर माझ्याकडून आणखी काही ऐकायला मिळणार नाही.

पण गोळी चुकली, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. एक दिवस रिकामा नाही. कोर्टाच्या तारखेचासुद्धा नाही. त्या दिवशी गाडी सातला निघते आणि खिडकी उघडते नऊला. मग त्याने बिनगोळीचं राहावं असं थोडंच? म्हणून मी आदल्या संध्याकाळी त्याची पुडी करतो, वर नाव आणि 'सकाळी नऊ' असं लिहितो, आणि सोबत जाणाऱ्या शिपायाच्या हातात देतो. ही सोय कुठल्या नियमात नाही. माझ्या डोक्यातून निघालेली आहे, आणि ती मी तुमच्याच भावासाठी सुरू केली, कारण त्याच्याइतक्या तारखा दुसऱ्या कुणाला नाहीत. आठवड्याला एक, कधी दोन. तारखेला तर तुम्ही स्वतः हजर असता. तुमच्या डोळ्यांदेखत गिळत असेल. आणि वर मलाच विचारता?

अधीक्षकांना मी खुलाशात हेच लिहिणार आहे, आणि साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालणार आहे.

कंपाउंडर


१४ मार्च

कंपाउंडरसाहेब,

कसली पुडी?

मी एकही तारीख चुकवलेली नाही. लाँड्री बंद ठेवून जाते. गाडी आवारात शिरते तेव्हा मी फाटकाशी असते आणि परत निघते तेव्हाही असते. मधला सगळा वेळ तो लाकडी बाकावर बसलेला असतो, एका हाताला बेडी, बेडीचं दुसरं टोक शिपायाच्या पट्ट्यात. मी पलीकडच्या बाकावर. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकील आजारी, कधी ते डोकं फुटलेलं गिऱ्हाईकच येत नाही. पुढची तारीख, चला घरी. त्यात नऊ वाजतात, दहा वाजतात, बारा वाजतात. कुणी त्याला पुडी दिलेली मी पाहिली नाही. साधं माझ्या बाटलीतलं पाणी त्याला प्यायला देत नाहीत. बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही म्हणतात.

तुमचं पत्र वाचून काल मुद्दाम भेटीला गेले आणि बारक्याला विचारलं, तारखेच्या दिवशी गोळीचं काय होतं रे? म्हणाला, तारखेच्या दिवशी नसते. मी म्हटलं, मग इतके दिवस तोंड शिवलं होतंस का? मागायची नाही?

तर म्हणाला, "ताई, तिच्या भावाकडे कोणत्या तोंडाने मागू? त्याला वाटलं असेल, एवढी तरी शिक्षा करावी. मला वाटलं, बरोबर आहे त्याचं."

ऐकलंत? तुम्ही त्याला चोर समजत होता आणि तो तुम्हाला न्यायाधीश समजत होता. तुम्ही दिलेली शिक्षा समजून तो निमूटपणे एकेक दिवस सोडत राहिला, आणि मी बाहेर तुमच्या नावाने बोटं मोडत बसले. तुम्हा दोघांचं हे साताजन्मांचं मौन माझ्या भावाला गिळत होतं.

पुडी कुठे जाते ते शोधा. तुमची पुडी आहे, तुम्हीच शोधा. साक्षीदार म्हणून माझं नाव घालायचंय ना, घाला. मी येईन आणि हेच सांगेन.

बारक्याची बहीण


२ एप्रिल

ताईसाहेब,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला नाही.

पुड्या सापडल्या.

मी आधी शिपायाला गाठला. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, साहेब, मी द्यायचो कशी? उद्या गोळी घेऊन तो कोर्टातच कोसळला, तर जबाबदार कोण? म्हणून खिशात ठेवायचो आणि परत आणायचो. मी विचारलं, परत आणून मला का दिली नाहीस? तर म्हणाला, दिली असती, पण आत शिरताना फाटकावर झडती होते.

मग फाटकावर गेलो. बाहेरून येणारी सुटी गोळी आत सोडायची नाही, असा नियम आहे. योग्यच आहे, मीच तो पाळायला लावलाय, कारण नशेच्या गोळ्या अशाच येतात. फाटकावरच्या माणसाने टेबलाखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात जप्त केलेला माल होता. तंबाखू, ब्लेडची पाती, काड्यापेट्या. आणि माझ्या पुड्या. घडी न मोडलेल्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात 'सकाळी नऊ'. तो म्हणाला, कसलीतरी नशा असेल म्हणून काढून घेत होतो, अक्षर तुमचं आहे हे आम्हाला कुठे ठाऊक. फाटक ते माझी खिडकी यात एक अंगण आहे, बस. ते अंगण ओलांडून ना त्याने मला विचारलं, ना मी त्याला. मी संध्याकाळी पुडी दिली की तेव्हाच खूण करून मोकळा व्हायचो. गिळलेली मी पाहिलीच नव्हती. खूण मात्र केली होती.

तेव्हा मागच्या पत्रातलं ते 'मरेपर्यंत मान्य करणार नाही' तुम्ही कापून तुमच्या लाँड्रीत भिंतीला लावू शकता. खुलाशात मी सगळं लिहिलं आहे, शिपायाचं, फाटकाचं आणि माझं. अधीक्षकांनी वाचून डबा आपल्या टेबलावर मागवला.

आता मुद्द्याचं. इतक्या दिवसांच्या खाड्यांमुळे जुनी गोळी त्याला लागू पडत नाही. डॉक्टरबाईंनी नवी औषधं लिहून दिली आहेत, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. त्या म्हणाल्या, ही जर अशीच चुकली तर यापुढे माझ्या हातात फार काही उरत नाही. खिडकी सातच्या आत उघडायला आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे द्यायला वरून मंजुरी लागते. कागद गेला आहे. कागद कसे जातात ते तुम्हाला माहीत आहे. तोवर अधीक्षकांनी एक लेखी परवानगी दिली आहे. तारखेच्या दिवशी औषध विभागाचा माणूस किंवा घरचं जवळचं माणूस यांनी कोर्टाच्या आवारात शिपायासमोर त्याला गोळी द्यावी.

पुढच्या तारखेला मी रजा टाकून येतोय. तुमच्याशी बोलायला नाही. तुमच्या बाकावर बसणारही नाही.

कंपाउंडर


१९ एप्रिल

कंपाउंडरसाहेब,

आलात. पाहिलं.

आभार मानायला हे पत्र लिहीत नाही. ज्या माणसाने डबा भरू दिला त्याने तो रिकामा केला, यात आभार कसले? अर्जही मागे घेणार नाही. तो अर्ज नसता तर तो बिस्किटांचा डबा अजून टेबलाखाली असता, हे तुम्हीही जाणता. परवा माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलंत, तेव्हा तुमच्या डोळ्यांत हेच दिसत होतं.

पण तुमच्या पाठीमागे काय झालं, ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही घड्याळ बघत खांबाशी उभे होतात. बारक्याने तुम्हाला गाडीतून उतरतानाच पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मला हळूच म्हणाला, हा इथे का आलाय? नऊ वाजता तुम्ही पुढे आलात, शिपायाला कागद दाखवलात, पुडी फोडलीत. त्याने मोकळ्या हाताने गोळी घेतली. पाणी प्यायला. तुम्ही म्हणालात, जीभ वर कर. त्याने केली. लहान मुलासारखं आ करून दाखवलं, तुम्ही वाकून पाहिलंत, आणि मग त्याने विचारलं, "ती बरी आहे?"

तुम्ही पुडीचा कागद चुरगळून खिशात घातलात आणि निघून गेलात.

तो परतीच्या गाडीत चढेपर्यंत फाटकाकडे बघत होता. तुम्ही त्याला हातात बेडी असताना झिडकारलंत. राग आहे, मान्य. राग माझाही तुमच्यावर आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. पण त्याने पैसा मागितला नाही, जामीन मागितला नाही. एका शब्दाचं उत्तर मागितलं. बरी आहे किंवा नाही. पुढची तारीख या खेपेला लांबची पडली, तीस एप्रिल. तोंडातले फोड जरा कमी दिसतात.

तुमच्या बहिणीची नणंद


२६ एप्रिल

ताईसाहेब,

मी उत्तर दिलं नाही कारण ते उत्तर माझं नव्हतं. घरी येऊन तिला सांगितलं, तो असं विचारत होता.

ती माझ्या मुलीची वेणी घालत होती. हात थांबला नाही. वेणी पुरी झाली, रिबन बांधली, मुलगी पळाली. मग मला म्हणाली, तोंड आलं होतं म्हणालास, आता काय खातो? मी म्हटलं, मऊ भात. दुसऱ्या दिवशी तिने फाटकावरच्या डब्याची सगळी हकीकत माझ्याकडून पुन्हा पहिल्यापासून काढून घेतली, आणि मी बाकावर बसवलं तेही. त्यावर ती मला जे बोलली ते तुम्हाला लिहून तुमचं समाधान करणार नाही.

तीस तारखेला मला रजा नाही. आमच्याकडे तपासणी आहे. मंजुरीचा कागद अजून वरच आहे. मी तुम्हालाच गोळी द्यायला सांगणार होतो. ती म्हणाली, नको, नणंदबाई त्याचे लाड करत बसतील, जीभ वर करायला लावणार नाहीत. मी जाते. परवानगीत घरचं जवळचं माणूस असं लिहिलंय ना? कागदोपत्री अजून तरी मीच आहे.

मी खूप समजावलं. ऐकत नाही. स्वतःची नऊची गोळीही पर्समध्ये घेऊन येणार आहे, तेव्हा ती दोघं एकाच वेळी घेतील, त्याला इलाज नाही.

तर आता नीट ऐका. तिला बसायला खांबाजवळची जागा करून द्या. गळ्यात पडू नका, रडू नका, सामोपचाराच्या गोष्टी काढू नका. बारक्यालाही तसं आधीच बजावून ठेवा. तिने त्याला माफ केलेलं नाही, आणि मी तर तुम्हा कुणालाच नाही. ती गोळी द्यायला येतेय, नांदायला नाही.

ती बसने येईल, पावणेनऊला पोचेल. पाण्याची बाटली तुम्ही आणा. दोन आणा.

धाकटीचा भाऊ